आयोडीनला एक कमी

सोमवार, ता. ४

प्रिय भिंगरीस,

आईचे पोटभर आशीर्वाद. तू खुशाल असशीलच, आणि नसलीस तरी परीक्षा संपेपर्यंत मुकाट्याने खुशाल राहा.

मी इथे नीट पोचले. पेपर काढायला बसवलेल्या मास्तरांना कसं कोंडून ठेवतात ते तुला ठाऊकच आहे. फोन दारातच काढून घेतले. खोली स्वच्छ, खिडकी मोठी, जेवण अळणी. खालच्या वर्गाचा पेपर आहे, तुझा नव्हे, तेव्हा पत्रात काही हाती लागेल अशा आशेने दोनदोनदा वाचू नकोस. मामाला म्हणावं, दूध गॅसवर ठेवलं की तिथेच उभा राहा, खिडकीतून रस्त्यावरची भांडणं बघत बसू नको. माझा भाऊ असला तरी खरं ते सांगते, घर सांभाळणं त्याच्याच्याने व्हायचं नाही. तूच त्याला सांभाळ.

आता कामाचं. गुरुवारी रसायन. सराव परीक्षेत तू लोखंडाचं पुन्हा तेच करून ठेवलंस. इलेक्ट्रॉन भरताना आधी ४ एस, मग ३ डी, इथवर बरोबर. पण आयन करायची वेळ आली की शेवटी भरले म्हणून ३ डी मधलेच दोन बाहेर काढतेस. अगं शहाणे, भरताना ४ एसचा नंबर आधी लागतो कारण तेव्हा तिथली ऊर्जा कमी. पण ती खोली घराच्या सगळ्यात बाहेरची. निघायची वेळ झाली की बाहेरचे आधी उठतात. जे आधी आले तेच आधी जातात. झोपेतून उठवून विचारलं तरी हे तोंडातून आलं पाहिजे.

कक्षकांचं विसरलीस तर परीक्षेचा हॉल डोळ्यांसमोर आण. रिकामी बाकं आहेत तोवर एका बाकावर एकच मूल. बाकं संपली की मग शेजारी दुसरं, आणि त्या दोघांत एकाला अ संच, दुसऱ्याला ब संच. इलेक्ट्रॉनांचं अगदी तस्संच. समान ऊर्जेच्या कक्षकांत आधी एकेक बसतो, मग जोडी जमते, आणि जोडीतल्या दोघांची फिरकी उलट. तिसऱ्याला त्या बाकावर जागाच नाही. इतकी वर्षं घसा फोडून शिकवते, तरी दरवर्षी एखादा दीडशहाणा तिघांना दाटीवाटीने बसवतोच.

आणि इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरतो असं लिहिलंस तर मी तुला ओळख दाखवणार नाही. तो अमुक ठिकाणी आहे असं बोट ठेवून सांगता येत नाही. कुठे असायची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. तुझ्यासारखंच मेलं. स्वयंपाकघरात असेल म्हणून हाक मारावी तर ही बया गच्चीवर.

जाता जाता आयोडीन बघून ठेव. अणुअंक त्रेपन्न. बाहेरच्या कवचात सात, म्हणजे आठाला एक कमी. त्या एकासाठी ते कुणाच्याही दारात जाईल. नेहमीच्या आयोडीनच्या केंद्रकात चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन असतात, आणि एक किरणोत्सारी समस्थानिक आहे त्यात अठ्ठ्याहत्तर. आतलं केंद्रक अस्वस्थ, पण बाहेरचे इलेक्ट्रॉन तेवढेच आणि तसेच. रसायनातले सगळे व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनीच होतात. म्हणून शरीरातल्या ज्या पेशी आयोडीन घेतात त्यांना या दोघांतला फरक कळत नाही, समोर आलं ते घेतात. तीन मार्कांना विचारू शकतात. नीट वाच.

गेल्या वर्षीचं आता उगाळत नाही. तेवढं एकदाच सांगते. माझ्या गळ्याचं ऑपरेशन आणि तुझा रसायनाचा पेपर एकाच दिवशी आले आणि तू जेमतेम अर्धा तास बसून उठलीस, धावत दवाखान्यात आलीस. भूल उतरली तेव्हा तू गणवेशात समोर. मला तेव्हा किती बरं वाटलं आणि किती राग आला, दोन्ही तुला सांगून झालंय. वर्ष गेलं. आता हाही पेपर गेला तर विज्ञान सोडून दे म्हणतील, आणि तू दुसरं काही करायला जन्मलेली नाहीस हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा शेवटची घंटा होईपर्यंत उठायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही. या वर्षी उठायला काही कारणही नाही. मी ठणठणीत आहे.

मामाला त्रास देऊ नकोस.

तुझी,
वर्गातली बाई आणि घरातली आई


बुधवार, ता. ६

भिंगरे,

हे पत्र तुला उद्याच्या पेपराआधी मिळणार नाही. म्हणून तर लिहायला बसले.

मी दवाखान्यात आहे. गेल्या वर्षी गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, तिचे कण फुफ्फुसात जाऊन बसलेत. खोकला सर्दीचा नव्हता. आवाज बसला तो वर्गात ओरडून नव्हे, गळ्यातली एक नस दाबली गेली म्हणून. आता नुसती हवा बाहेर येते. फोन कुणी काढून घेतला नाही, तो मी मामाकडे दिला, कारण 'हॅलो' म्हणताच तुला कळलं असतं. चला, झालं एकदाचं लिहून.

काल एक बाप्या शिशाचं जाड भांडं घेऊन आला, त्यातून एवढुशी गोळी माझ्या पेल्यात टाकली आणि स्वतः दारापाशी जाऊन उभा राहिला. आयोडीन, भिंगरे. तेच, अठ्ठ्याहत्तरवालं. मी गिळलं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं ते पोटात गेलं. दार जाडजूड आहे. जेवणाचं ताट दारातल्या टेबलावर ठेवतात, आणि नर्स उंबऱ्याबाहेरूनच बोलते. दाराच्या मुठीला, दिव्याच्या बटणांना प्लास्टिक गुंडाळलंय. मुलं माझ्यापासून लांब पळायचीच, आता नियमाने पळतात एवढाच फरक.

इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूतली किरणं यंत्राने मोजतात. हात लागला, घाम लागला की कागदसुद्धा काही दिवस अडकवून ठेवतात. नर्सने काल हे सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. खरं लिहायची हीच एक जागा, जिथून पत्र वेळेवर पोचत नाही.

तो बाप्या दिवसातून दोनदा येतो, दारातून यंत्र माझ्याकडे रोखतो, आणि ते कटकट कटकट ओरडतं. मला त्याने समजावलं, मी शिक्षिका आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फुफ्फुसातल्या त्या पेशींनी आयोडीन धरून ठेवलं तर यंत्र पुढेही बरेच दिवस ओरडत राहील. नाही धरलं तर सगळं लघवीवाटे निघून जाईल आणि यंत्र लवकर गप्प बसेल. म्हणजे ओरडलं पाहिजे. वर्गात इतकी वर्षं 'गप्प बसा' म्हणत आले, आणि आता कुणी गप्प बसू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही पेशी बिघडता बिघडता आयोडीन घ्यायचंच विसरतात. तुमच्या विसरल्या नसतील अशी आशा करू. आशा हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

तुला गंमत सांगते. आयोडीन फुटतं तेव्हा त्याच्या केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आणि केंद्रकातून इलेक्ट्रॉन सुसाट बाहेर पडतो. केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतो असं आम्ही शिकवतो, आणि बघ, पडतो. तोच त्या पेशींना जाळतो. मागे उरतो झेनॉन. बाहेर आठ पूर्ण, कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाशी देणंघेणं नाही. वर्गातल्या मुलांना झेनॉन फार आवडतो. काही कमी नाही म्हणजे सुखीच की, म्हणतात. मला नाही व्हायचं झेनॉन. मला एक कमीच राहू दे. ती एक उद्या सकाळी पेन्सिल विसरून हॉलमध्ये जाणार आहे.

मला भीती वाटते. डॉक्टरांना सांगितलं नाही, मामाला सांगितलं नाही. तुझ्याशी खोटं बोलून आले त्याचीही टोचणी आहे, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

उद्या लोखंडाचं नीट लिही गं.

आई


गुरुवार, ता. ७, संध्याकाळ

प्रिय आईस,

सा. न. सोडून देते, कारण मला तुझा राग आलाय, आणि तुझ्या पाया पडायचंय ते समोर येऊन पडेन.

आधी पेपर. सोपा होता. मी शेवटच्या घंटेपर्यंत बसले. घंटा झाल्यावरही बसले होते, बाईंनी उत्तरपत्रिका हातातून ओढून घेतली. अर्ध्या तासाचा टोल पडला तेव्हा पाय आपोआप उठायला लागले, मग मी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवलं. मागच्या मुलीला वाटलं मला चक्कर आली.

कारण आई, मला मंगळवारीच कळलं होतं.

तू इतकी हुशार, आणि थाप मारायला एवढी ढ! ज्या मास्तरांचं पोर त्या वर्षी परीक्षेला बसतं त्यांना पेपर काढायला बसवत नाहीत. कुठल्याच वर्गाचा नाही. गेल्या वर्षी तूच तसं लिहून दिलंस आणि तो कागद मी टाइप करून दिला होता, 'माझी कन्या' लिहू की 'माझी मुलगी' म्हणून आपण भांडलो होतो. तुझं पत्र वाचता वाचता मला ते आठवलं. आणि टपालाने आलं म्हणून मामाने जे पाकीट दिलं ते त्याच्या मागच्या खिशात बसून बसून वाकलं होतं, वर तिकीटही नाही. शिवाय जायच्या आधी कितीतरी दिवस तू वेगळ्या बरणीतलं मीठ खात होतीस, दूध नको, अंडं नको. ज्यात आयोडीन ते सगळं बंद, हे आता कळतंय; तेव्हा वाटलं, बाई बारीक व्हायच्या नादाला लागल्या. आणि आयोडीन! मागचे सगळे पेपर चाळले, किरणोत्सारी आयोडीन एकदाही आलेलं नाही. तीन मार्क म्हणे.

मामाला फक्त 'गळा का?' एवढंच विचारलं. त्याने हातातलं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि तोंड फिरवलं. मग सगळं सांगितलं. दूध उतू गेलं, दोघांनीही जाऊ दिलं. तुझ्याकडे धावत यायला निघाले होते. चप्पल घातली होती. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आकाश कोसळलं तरी उठायचं नाही, आणि चप्पल काढली. आई, मला वाटलं मी जर पेपर देऊन पास झाले तर तूही बरी होशील. हे मूर्खासारखं आहे, मला कळतं. तरी वाटलं.

लोखंडाचं आलं होतं! ४ एस मधले दोन आधी काढले, बरोबर लिहिलं. पण हा नियम मला मुळीच आवडत नाही. आधी आले म्हणून आधी का जायचं?

तुझं आयोडीन मी पाठ केलंय. मला फार आवडलं ते. आतून कितीही वेगळं असो, बाहेरून तेच दिसतं, म्हणजे त्या मेल्या पेशींना पत्ताच लागणार नाही. त्या आपल्या मिटक्या मारत खातील आणि मग बसतील बोंबलत. अस्सं पाहिजे त्यांना. तू इतकं छान समजावलंस की मला आता भीतीच वाटत नाही. थोडी वाटते.

मामा म्हणतो, घरी आल्यावरही तुझ्यापासून काही दिवस लांब राहायचं असतं, किरणं मोजायचं यंत्र गप्प होईपर्यंत. मी मागची खोली तयार केलीय. ताट-वाटी वेगळी, टॉवेल वेगळा. दाराबाहेर पॅसेजच्या टोकाला खुर्ची मांडलीय, तिथे बसून मी तुझ्याशी बोलेन. तुला आवाज नाही तर तू पाटीवर लिही, तुला सवय आहे. लांबून तर लांबून. यंत्र थांबेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही.

लवकर ये.

तुझी कन्या (आणि मुलगी)
भिंगरी


बुधवार, ता. १३, दुपार

माझ्या बाळास,

तू शेवटच्या पेपराला गेली आहेस आणि मी घरी आलेय. मामाने रिक्षातून आणलं. तुला उद्या म्हणून सांगितलं होतं ना, एक दिवस आधी सोडलं. दवाखान्याच्या खोलीत लिहिलेलं पत्र सोबत ठेवलंय, ते सहा तारखेचं आहे, आता स्वच्छ म्हणून दिलं. आधी ते वाच. मग हे.

वाचलंस?

तुझं पत्र मामाने मला आत पाठवलं होतं. इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या. मंगळवारी कळलं आणि गुरुवारी बसलीस. मी खोटं बोलले तुला बाकावर बसवायला, आणि तू खरं कळूनही बसलीस. माझ्या पोटी तू कशी आलीस देव जाणे. आणि हो, थाप मारण्यात मी ढ आहे, मान्य. तो कागद तू टाइप केलास हे साफ विसरले होते.

तुझी खोली बघितली. टॉवेलाची घडी चुकीची आहे, पण असू दे. खुर्चीही बघितली.

भिंगरे, आता वर्गातल्यासारखं शांत डोक्याने ऐक. तू आयोडीन बरोबर शिकलीस. एक अक्षर चुकलं नाही. पण मी तुला शिकवलं ते ज्या पेशी आयोडीन घेतात त्यांच्याबद्दल होतं. दारात कुणी कितीही ओळखीचा चेहरा घेऊन आला, तरी आतल्यांनी दारच उघडायचं सोडून दिलं असेल तर? काल फोटो काढले. फुफ्फुसात कुठेही काही चमकलं नाही. गाठी आहेत तिथेच आहेत, पण त्या आयोडीन घ्यायचं विसरल्यात. सगळं बाहेर निघून गेलं.

आज सकाळी तो बाप्या आला, यंत्र रोखलं. जवळजवळ काहीच नाही. मग आणखी जवळ आला. तरी नाही. बिचारा हसून म्हणाला, बाई, सुटलात, घरी मुलगी आहे ना, आजच जवळ घ्या, काही हरकत नाही. त्याला वाटलं चांगली बातमी देतोय. चांगलीच होती. मी मान हलवली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडले. बाहेर आवाज जात नाही हे एक बरं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसऱ्या गोळ्या आहेत. बरं करत नाहीत, पण रेटा कमी करतात. कुणाला वर्ष, कुणाला जास्त. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. नेमकं काहीच सांगता येत नाही, शक्यता सांगता येते.

तुझा प्रश्न. आधी आलेल्याने आधी का जायचं. एवढंच सांगते की हा नियम मला मान्य आहे, आणि उलटा असता तर मी तो पुसून टाकला असता. माझी तक्रार फक्त घाईबद्दल आहे. तुझा निकाल बघायचाय. तू शिकवायला उभी राहशील तेव्हा मागच्या बाकावर बसून तुझी चूक काढायचीय. मला अजून खूप जगायचंय गं, आणि हे मला मोठ्याने ओरडून सांगायचंय, तर आवाज नाही.

हे पत्र तुझ्या खुर्चीवर ठेवतेय. मामाला सांगितलंय की तू आलीस की बाहेर जा, भाजी आण, काही आण. दार नुसतं लोटलंय. मी आत पलंगावर बसलेय, तुझ्या पायांचा आवाज येईल तो ऐकत.

मोजायचं काही उरलं नाही, बाळा. खुर्ची राहू दे तिथेच. आत ये.

आई